प्रश्न बागेचे: लिंबू, संत्रा आणि आळ्यातलं पाणी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं लिंबू आणि संत्र्याबद्दल आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाचा शेवट 'कोणतं औषध फवारू?' असा आहे. आमच्या उत्तरांत औषधाआधी पाण्याचीच चौकशी जास्त सापडेल. नागपूर भागातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत या झाडांची बरीच दुखणी मुळाशी साचलेल्या पाण्यातून सुरू होतात आणि पानांवर दिसतात. पानं धुऊन ती जात नाहीत.

अंगणात कागदी लिंबाचं सात वर्षांचं झाड आहे. हिरवंगार आहे, बारा फूट वाढलंय, पण फूल नाही. शेणखत, युरिया, ताक सगळं घालून झालं. झाड लॉनच्या कडेला आहे. काय कमी पडतंय?
(एक वाचक, मनीषनगर)

कमी काही पडत नाहीये. पाणी आणि नत्र, दोन्ही जास्त होतंय. लॉनला रोज मिळणारं पाणी लिंबाच्या मुळांपर्यंत पोहोचतं, त्यामुळे झाडाची वाढ कधी थांबतच नाही. लिंबूवर्गीय झाडाला फूल येण्याआधी विसावा लागतो. वाढ थांबली की फांदीत अन्न साठतं आणि मग पाणी मिळताच नव्या फुटीबरोबर कळी येते. थंडीने किंवा कोरडेपणाने ही थांबण्याची वेळ येते. संत्र्याचे बागायतदार ज्याला 'ताण देणं' म्हणतात ते हेच.

घरच्या झाडासाठी आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा) सगळ्यात सोपा, कारण डिसेंबरची थंडी अर्धं काम करते. नोव्हेंबरअखेर झाडावर फळं असतील तर उतरवून घ्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पाणी बंद करा. लॉनची मुळं आणि झाडाची मुळं एकत्र असल्याने झाडाच्या घेरापासून दोन फूट बाहेरपर्यंतचं लॉन काढून टाकावं लागेल, आणि ते कायमचंच काढा. मुरमाड जमिनीत तीन ते चार आठवड्यांचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत सहा आठवडेही लागतात. दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. दुपारी पान मलूल होऊन मधल्या शिरेवर दुमडतं, आणि संध्याकाळीही पुरतं उघडत नाही. रंगाची तकाकी जाते, थोडी जुनी पानं गळतात. साधारण चौथा हिस्सा पानं गळली की थांबायचं. त्यापुढे ताण नेला तर फांद्या वाळतात.

ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, चार दिवसांनी दुसरं मध्यम, त्यानंतर नेहमीचं. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर नुसता पाला फुटतो. पहिल्या पाण्याआधी मातीत वीस किलो कुजलेलं शेणखत, दोन किलो निंबोळी ढेप, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाव किलो म्युरेट ऑफ पोटॅश मिसळा. युरिया या वर्षी पाव किलोच्या वर नको, आणि तोही फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुलं दिसतील, लिंबं जूननंतर मिळतील.

ताण देण्याआधी पाणसोट काढा. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर गेलेली, जाड, तिकोनी, लांब काट्यांची फूट म्हणजे पाणसोट. तुमच्या झाडाच्या बारा फुटांत त्यांचा मोठा वाटा असणार. चार वर्षांच्या आतल्या किंवा आजारी झाडाला मात्र ताण देऊ नये.

लिंबाच्या खोडात लोखंडी खिळे ठोकले तर फळं लागतात असं शेजारी सांगतात. खरं का?
(एक वाचक, नंदनवन)

नाही. लाकडात ठोकलेल्या खिळ्यातलं लोह पानापर्यंत जात नाही. खिळ्याच्या जखमेतून बुरशी मात्र आत जाते. आधीच ठोकले असतील तर उपसून काढा आणि भोकांवर बोर्डोमलम लावा. तो करायची रीत पुढच्या उत्तरात आहे.

संत्र्याच्या झाडाच्या बुंध्याशी मधासारखा डिंक येतो. साल उकलली आहे, एका बाजूची पानं पिवळी पडली. झाडाभोवती विटांचं गोल आळं करून त्यात रोज दोन बादल्या पाणी घालतो. झाड वाचेल का?
(एक वाचक, हुडकेश्वर)

हा डिंक्या रोग. फायटोफ्थोरा नावाची जमिनीतली बुरशी ओल्या मातीत वाढते आणि सतत ओल्या राहिलेल्या सालीतून आत शिरते. तुमचं विटांचं आळं पाणी खोडालाच टेकवून ठेवतं, त्यामुळे बुरशीला रोज आमंत्रण मिळतंय. एकच बाजू पिवळी आहे म्हणजे सालीचा पूर्ण वेढा अजून सडलेला नसावा. साल सगळीकडून सडली की मुळांना अन्न जाणं बंद होतं आणि मग झाड वाचवणं अवघड.

आजच विटा काढा आणि बुंध्याशी चढलेली माती दूर करा. कलमाची जोड, म्हणजे खोडावर जिथे साल बदललेली दिसते आणि थोडा फुगीर भाग असतो तो सांधा, जमिनीपासून किमान वीतभर वर मोकळा दिसला पाहिजे. जोडीच्या खालचं जंबेरीचं खोड (जंबेरी म्हणजे ज्या रानटी लिंबावर संत्र्याचं कलम बांधतात ते) आणि वरचं संत्र्याचं खोड, यांत संत्र्याची साल या बुरशीला लवकर बळी पडते. जोड मातीत गाडली गेली की बुरशीला थेट संत्र्याचीच साल मिळते.

मग धारदार चाकूने किंवा पटाशीने सडलेली तपकिरी साल खरवडा. कडेला निरोगी, फिकट हिरवी-पांढरी साल लागेपर्यंत आणि तिच्याही पुढे अर्धा इंच जा. खाली कापड पसरा, म्हणजे कपचे मातीत पडणार नाहीत. ते जाळून टाका. चाकू दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने (लिटरला 10 ग्रॅम) धुवा, वाळू द्या आणि बोर्डोमलम लावा.

बोर्डोमलम असा करा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर भिजत घाला. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या डब्यात थोड्या पाण्याने विझवून अर्धा लिटर करा आणि गाळून घ्या. चुना ताजा हवा. हवेत पडून भुगा झालेला चुना चालत नाही. मोरचुदाचं पाणी आणि चुन्याचं पाणी तिसऱ्या डब्यात एकाच वेळी ओतत लाकडाने ढवळा. निळा दाट लेप तयार होतो. त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, सालीला भाजेल. थोडा चुना आणखी घालून पुन्हा तपासा. लेप त्याच दिवशी वापरा. दोन-तीन झाडांना तो पुरतो. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही.

निरोगी झाडांनाही हा लेप जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत वर्षातून दोनदा लावावा, पावसाआधी मे महिन्याच्या शेवटी आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्ये. मेमधल्या लेपाने खोडाची साल उन्हाने तडकत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

मुळांसाठी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन पाच-सहा लिटर द्रावण झाडाच्या घेराखालच्या ओल्या मातीत ओता. लेबलवर दिलेली काळजी घ्या आणि हातमोजे घाला. झाडावर खाण्यालायक फळं असतील तर ती आधी काढा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर या औषधानंतर किमान तीन आठवड्यांनी, 100 ग्रॅम ट्रायकोडर्मा पाच किलो ओलसर शेणखतात मिसळून. एकाच दिवशी दोन्ही दिलं तर बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

नवं आळं दुहेरी करा. खोडाभोवती एक-दीड फुटावर मातीचा एक वरंबा आणि झाडाच्या सावलीच्या कडेला दुसरा. पाणी फक्त या दोन वरंब्यांमधल्या पट्ट्यात जातं. आतला गोल कोरडा राहतो, आतली माती खोडाकडून बाहेर उतरती ठेवा. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं सावलीच्या कडेलाच जास्त असतात. बुंध्याशी ओतलेलं पाणी त्यांच्या फारसं कामी येतच नाही.

रोज पाणी देणं थांबवा. पट्ट्यात खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला आणि मोडताना चिकटला तर पाणी नको. लाडू वळतो पण बोटाने ढकलताच फुटतो, तेव्हा पाणी द्या.

लिंबू आणि मोसंबी, दोन्हींची पानं पिवळी पडताहेत. कुणी लोह सांगतं, कुणी जस्त. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आम्ही दोन वर्षांपासून झाडांनाच देतो.
(एक वाचक, वाडी)

पिवळेपणा कुठल्या पानांवर आणि कशा रूपात आहे ते आधी बघा. वरच्या शेंड्याचं आणि खालचं जुनं, अशी दोन पानं तोडून उजेडात धरा.

शेंड्याची पानं आकाराने लहान, अरुंद, वर उभी आणि दोन पानांमधलं अंतर कमी. शिरेलगत रुंद हिरवा पट्टा, बाकी पान पिवळं. ही जस्ताची कमतरता. पान आकाराने नेहमीएवढंच पण फिकट, आणि त्यावर हिरव्या बारीक शिरांची जाळी उठून दिसते, तर लोहाची. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ उलट्या 'व्ही'सारखा हिरवा भाग शिल्लक, तर मॅग्नेशियमची. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्राची. पान हिरवं आणि फक्त मधली शीर पिवळी असेल तर खोड आणि मुळं तपासा, तिथे डिंक्या किंवा मूळकूज सुरू झालेली असू शकते. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसलेले पिवळे-हिरवे चट्टे, एकच फांदी आधी बाधित, फळं वाकडी आणि लहान. हा ग्रीनिंग रोग असू शकतो. तो सिट्रस सायला या किडीमुळे पसरतो आणि त्यावर इलाज नाही. अशी शंका आली तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत फांदी दाखवून खात्री करून घ्या. खात्री झाली तर झाड काढावं लागतं. सायला कढीपत्त्यावरही वाढते, म्हणून कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवरही नजर असू द्या.

आता तुमचं आरओचं पाणी. नळाच्या किंवा बोरच्या पाण्यातले क्षार मशीन बाजूला काढतं ते या पाण्यात गोळा होतात. लिंबूवर्गीय झाडं क्षाराला नाजूक. पानांची टोकं करपणं, कडा तपकिरी होणं, पान अकाली गळणं ही त्याची खूण. हे पाणी फरशी, गाडी धुण्याला वापरा, लिंबाला नको. निचरा चांगला असेल तर दोन-तीनदा भरपूर साधं पाणी देऊन साठलेले क्षार खाली उतरवा. निचरा नसेल तर हा उपाय करू नका, मुळं बुडतील.

चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाहीत, म्हणून ते पानांवर द्यायचे. जस्तासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विझवलेला चुना. चुना वेगळा भिजवून, गाळून मग मिसळा. लोहासाठी 10 लिटरला 50 ग्रॅम फेरस सल्फेट, मॅग्नेशियमसाठी 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, नवी पानं दोन-तृतीयांश मोठी झालेली असताना करा. जून पान फारसं शोषत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. लोह मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोहाच्या पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं बघून घ्या. 'ईडीटीए' असलेलं लोह चुनखडीत टिकत नाही, पैसे वाया जातात. अंड्याची टरफलं आणि चुन्याची निवळी मात्र आपल्याकडे मातीत टाकू नका. चुना आधीच जास्त आहे.

बेसा भागात नवं घर बांधलंय. मागे काळी माती आहे. संत्रा आणि लिंबू लावायचे आहेत. माळी म्हणतो तीन फूट खोल खड्डा खणून त्यात लाल माती आणि खत भरू.
(एक वाचक, बेसा)

काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात हलकी माती भरली की पावसाळ्यात त्या खड्ड्याची टाकी होते. भोवतालची माती पाणी जिरू देत नाही, सगळं पाणी खड्ड्यात उतरतं आणि मुळं जुलै-ऑगस्टभर त्यात उभी राहतात.

आधी निचरा तपासा. दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनंतरही दिसत असेल तर खड्डा नको, ओटा करा. दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद आणि कडा उतरत्या. ओट्याची माती निम्मी जागेवरची काळी, बाकी मुरूम, रेती आणि कुजलेलं शेणखत अशी मिसळा. त्यात दोन किलो निंबोळी ढेप. बांधकामाचा मलबा वेचून काढा. सिमेंट आणि चुन्याचे तुकडे राहिले तर पुढे जन्मभर पिवळ्या पानांशी झुंज.

लावणी जूनअखेर ते ऑगस्ट. दोन झाडांत अठरा फूट अंतर हवं, अंगणात बारापर्यंत चालवता येतं, पण मग छाटणी दरवर्षी. कंपाउंडच्या भिंतीपासून सहा फूट आत. दिवसभरात सहा तास ऊन मिळायलाच हवं.

रोप निवडताना कलम पेन्सिलीएवढं जाड, जोड जमिनीपासून आठ-नऊ इंच उंच, मुळं पिशवीत गोल फिरलेली नाहीत, खोडावर डिंक नाही एवढं पाहा. संत्रा जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर बांधलेला असतो. भारी जमिनीत रंगपूर लाइम घ्या, डिंक्याला तो जंबेरीपेक्षा बरा तोंड देतो. वर सांगितलेल्या संस्थेत किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोगमुक्त कलमं मिळतात. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे, तिथून आणायची तर परवानाधारक रोपवाटिकेतून पावती घेऊन आणा. रस्त्यावरच्या हातगाडीवरचं रोप स्वस्त पडतं आणि डिंक्या घरी घेऊन येतं. कागदी लिंबू बियांपासूनही चांगला येतो, कारण त्याच्या बीमधून बहुतेक आईसारखीच रोपं उगवतात. फक्त फळाला चार-पाच वर्षं लागतात.

कागदी लिंबाच्या फळांवर आणि पानांवर खरखरीत तपकिरी ठिपके आहेत, भोवती पिवळं वलय. कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेषाही दिसतात. लिंबू खायला चालेल का?
(एक वाचक, गोधनी)

खायला चालेल. ठिपके सालीवर असतात, रसाला काही होत नाही. लोणच्यासाठी मात्र असं लिंबू घेऊ नका, साल कडक लागते.

ठिपके खैऱ्या रोगाचे. हा जिवाणूजन्य रोग आहे. पावसाचे थेंब उडाले की पसरतो आणि कागदी लिंबू त्याला सगळ्यात जास्त बळी पडतो. चांदीची रेषा नागअळीची, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ती बोगदा करते. दोन्हींचा जवळचा संबंध आहे. अळीने फाडलेल्या पापुद्र्यातून जिवाणू सहज आत शिरतो, म्हणून नव्या फुटीत अळी आवरली की खैऱ्याही कमी होतो.

मे महिन्यात, हवा कोरडी असताना, ठिपकेवाल्या फांद्या दोन-तीन इंच निरोगी भागासह कापा आणि जाळा. भर पावसात छाटणी केली तर कात्रीच रोग फिरवते. कापलेल्या टोकांना बोर्डोमलम लावा. पहिल्या पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण (10 लिटरला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 10 लिटरला 30 ग्रॅम फवारा, पुढे पावसाळाभर उघडीप बघून महिन्यातून एकदा. अँटिबायोटिक पावडर घरच्या बागेत वापरू नका. नागअळीसाठी नवी पालवी बोटभर झाली की पाच टक्के निंबोळी अर्क, दर आठवड्याला एक असे दोन-तीन वेळा. पालवी कडक झाल्यावर फवारून उपयोग नाही.

पानावर चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली तर ती लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते आणि लहान रोप दोन दिवसांत खाऊन टाकते. हाताने वेचणं पुरतं.

स्लॅबवर कुंडीत लिंबू होईल का? मेमध्ये रोप दरवर्षी वाळतं.
(एक वाचक, प्रतापनगर)

होईल. बारा इंची कुंडी लहान पडते, वीस इंच रुंद आणि अठरा इंच खोल भांडं हवं. अर्धा कापलेला दोनशे लिटरचा ड्रम उत्तम, तळाला अंगठ्याएवढी आठ-दहा भोकं. ओल्या मातीसह त्याचं वजन दीडशे किलोपर्यंत जातं, तेव्हा तो बीम किंवा भिंतीवर येईल असा ठेवा आणि खाली विटा देऊन पाणी वाहायला जागा सोडा. कुंडीत निव्वळ काळी माती नको. चार भाग मुरमाड माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाड रेती, एक भाग कोकोपीट. दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी ढेप, मे सोडून.

मेमध्ये पाणी देऊनही रोप वाळतं, कारण ड्रमची पश्चिमेकडची बाजू तापते आणि आतली मुळं शिजतात. ड्रमभोवती गोणपाट गुंडाळा, माती चार इंच तुरीच्या किंवा सोयाबीनच्या कुटाराने, म्हणजे भुसकटाने, झाका (खोडापासून वीतभर दूर) आणि एप्रिलच्या मध्यापासून नौतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. पाणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी ड्रम निवाल्यावर. पाइपमधलं पहिलं उकळतं पाणी आधी बादलीत काढा.

सप्टेंबरपासून संत्री पिकण्याआधीच गळताहेत. प्रत्येक फळावर टाचणीएवढं भोक आणि भोवती मऊ गोल चट्टा. अळी दिसत नाही.
(एक वाचक, काटोल रोड)

हा रस शोषणारा पतंग. रात्री येतो, सोंड खुपसून रस पितो, सकाळी सापडत नाही. भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं. रात्री आठनंतर टॉर्च घेऊन बघा, फळावर बसलेला पतंग दिसेल. त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. कोरोनानंतर अनेक अंगणांत गुळवेल चढली आहे. ती काढायची नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तिची पानं उलटून अळ्या वेचा. ऑगस्टअखेर झाडावर बारीक जाळी टाका किंवा फळांना कागदी पिशव्या बांधा. गळलेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरा, त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात. फवारणीने हा आवरत नाही.

भोक नसताना देठापासून फळ काळं पडून गळत असेल तर गोष्ट वेगळी. ती वाळलेल्या काड्यांवरची बुरशी. पावसाआधी झाडातल्या सगळ्या सलकाड्या कापून टाका.

नोव्हेंबरमध्ये आमची संत्री चवीला गोड आहेत, पण साल हिरवीच. खत कमी पडलं का?
(एक वाचक, दिघोरी)

खताचा संबंध नाही. सालीवर केशरी रंग यायला रात्री थंड लागतात. आंबियाची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार होतात तेव्हा रात्री अजून उबदार असतात. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं हिवाळा काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणून ती रंगदार. फळ सैल वाटलं आणि चव आली की काढा. रंगाची वाट पाहत ठेवलं तर साल पोकळ होते. ओढून तोडू नका, कात्रीने देठ कापा.

दहा वर्षांपूर्वी लावलेल्या संत्र्याला आता जाड, खडबडीत सालीची, अतिशय आंबट फळं लागतात. आधी दोन वर्षं चांगली संत्री आली होती.
(एक वाचक, कळमेश्वर)

वरचं संत्र्याचं कलम मेलं आणि खालचा जंबेरीचा खुंट वाढला. जोडीखालची फूट वेळेवर काढली नाही की असं होतं. बुंध्याशी नीट बघा, वाळलेल्या संत्र्याचा ठुंठ बहुधा अजून दिसेल. मूळ संत्र्याची एखादी फांदी जिवंत असेल तर जंबेरीच्या सगळ्या फुटी तळापासून काढून तिला वाढू द्या.

काहीच उरलं नसेल तरी झाड तोडू नका, त्याची मुळं दहा वर्षांची आहेत. फेब्रुवारीत जंबेरी दोन-अडीच फुटांवर कापा, कापावर बोर्डोमलम लावा. येणाऱ्या फुटींपैकी वेगवेगळ्या दिशांच्या तीन ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारीत त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या की माहितीच्या, निरोगी, फळं देणाऱ्या संत्र्याचे डोळे 'टी' आकाराच्या कापात भरून घ्या. हे काम कलम बांधणाऱ्याकडूनच करवून घ्या. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघा, डोळा हिरवा असेल तर लागला. मग त्याच्या वरची जंबेरी कापा आणि पुढची दोन वर्षं जोडीखालची प्रत्येक फूट बोटभर असतानाच हाताने मोडा. कात्रीने कापली तर तिथूनच दोन येतात.